दुसऱ्याच वर्षी मैदानात उतरलेल्या पोरी

उज्जैनच्या फ्रीगंजात देशी खेळांचा विषय निघाला की पहिलं नाव मल्लखांबाचं येतं, आणि ते रास्तच आहे. मध्य प्रदेशाने २०१३ मध्ये मल्लखांबाला राज्याचा खेळ म्हणून मान दिला. उज्जैनचे प्रशिक्षक योगेश मालवीय यांना २०२० चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. २०२३ च्या फेब्रुवारीत खेलो इंडिया युवा स्पर्धेतला मल्लखांब याच शहरात रंगला. एवढं सगळं डोळ्यांसमोर असताना दुसरा खेळ आठवायचं कारणच पडत नाही.

पण या राज्याच्या नावावर आणखी एका देशी खेळाची मोठी पुण्याई जमा आहे, आणि ती मिळवून दिली आहे पोरींनी. १९७४ चा अर्जुन पुरस्कार नीलिमा चंद्रकांत सारोळकर या मध्य प्रदेशच्या खेळाडूला मिळाला. १९८१ मध्ये तोच पुरस्कार सुषमा सारोळकर यांना मिळाला. खेळ होता खो-खो. माळव्यातल्या मराठी घरांमध्ये आज कितीजणांना ही दोन नावं ठाऊक असतील? त्यांच्यामागे उभा असलेला महिला खो-खोच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेचा इतिहास तर त्याहून कमी लोकांना माहीत आहे. तो मुळापासून सांगण्यासारखा आहे.

खो-खो किती जुना हे कुणी छातीठोकपणे सांगू नये. पाठलाग आणि पळापळ जगातल्या प्रत्येक अंगणात असते. तिला नियमांची चौकट मात्र मराठी माणसांनी दिली. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास नियम बांधायला घेतले. पुढच्या दशकात बडोद्याच्या जिमखान्याने स्वतःची नियमावली काढली. मग अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने १९३५ मध्ये नियम नव्याने घासूनपुसून छापले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक देशी खेळांची प्रात्यक्षिकं घेऊन जर्मनीत गेलं, त्यात खो-खोही होता. पुणे, बडोदे, अमरावती, आणि त्यांच्या जोडीला इंदूर, उज्जैन, ग्वाल्हेर या पट्ट्यातली व्यायामशाळांची परंपरा ध्यानात घेतली की हा खेळ कोणत्या वाटांनी पसरला असेल याचा अंदाज येतो. जिथे मराठी शाळा, जिथे गणेशोत्सव, जिथे आखाडा, तिथे खो-खो.

स्वातंत्र्यानंतर पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा भरली ती १९५९-६० मध्ये, आंध्रातल्या विजयवाड्याला. ती फक्त पुरुषांची होती. पुढचीच, म्हणजे १९६०-६१ ची स्पर्धा कोल्हापूरला झाली आणि तिथे महिलांचा गट पहिल्यांदा उतरला.

एका वर्षाचं अंतर, एवढंच! त्या काळात मुलींनी चारचौघांत धावावं का, मॅट्रिकनंतर मैदानावर जावं का, असे प्रश्न बहुतेक घरांत विचारले जात होते. ऑलिंपिकमध्ये महिलांना मॅरेथॉन धावायला १९८४ साल उजाडावं लागलं. हे लक्षात घेतलं की कोल्हापूरच्या त्या निर्णयाचं मोल कळतं. महिलांचा गट नंतर कुणाच्या आग्रहाखातर चिकटवलेला नाही. स्पर्धा रांगू लागली तेव्हापासून तो तिच्यासोबत आहे.

वैयक्तिक मानही जोडीनेच आले. सर्वोत्कृष्ट पुरुष खेळाडूला एकलव्य पुरस्कार, सर्वोत्कृष्ट महिला खेळाडूला राणी लक्ष्मीबाई पुरस्कार. पुढे कुमार गटात मुलांसाठी वीर अभिमन्यू आणि मुलींसाठी जानकी, किशोरी गटासाठी इला. खो-खोच्या घरात वाढलेल्या मुलीला हे तीन टप्पे तोंडपाठ असतात. आधी इला, मग जानकी, मग राणी लक्ष्मीबाई. अमुक मुलीला ‘इला मिळाली’ असं प्रशिक्षक सांगतात, तेव्हा ऐकणाऱ्याला तिचं वयही कळतं आणि वकूबही.

अर्जुन पुरस्कारांची यादी पाहिली तर आणखी एक गोष्ट नजरेत भरते. खो-खोचा पहिला अर्जुन १९७० मध्ये सुधीर परब यांना मिळाला. लगेच १९७१ मध्ये अचला देवरे. १९७३ मध्ये भावना परीख, १९७४ मध्ये नीलिमा सारोळकर, १९७५ मध्ये श्रीरंग इनामदारांबरोबर उषा नगरकर, १९८१ मध्ये हेमंत टाकळकरांबरोबर सुषमा सारोळकर, १९८३ मध्ये वीणा परब, १९८५ मध्ये सुरेखा कुलकर्णी, १९९८ मध्ये शोभा नारायण. या खेळात बायकांची नावं पुरुषांपेक्षा उघडउघड जास्त आहेत. आपल्याकडे असे खेळ फार थोडे निघतील.

हा खेळ मुलींना इतका का मानवला? याचं एक कारण खर्चाचं आहे. दोन खांब, फक्कीच्या रेषा आणि सपाट जमीन यापलीकडे काही लागत नाही. शाळेच्या पटांगणात तो मावतो, संध्याकाळी उशिरापर्यंत थांबावं लागत नाही. दुसरं कारण खेळातच आहे. इथे उंची, वजन, ताकद यांपेक्षा वेळ साधण्याला किंमत आहे.

मैदान साधारण २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद. दोन टोकांना कमरेहून थोडे वर येणारे खांब, त्यांना जोडणारी मधली पाटी. पाठलाग करणाऱ्या संघाच्या आठ जणी या पाटीवरच्या चौकांत ओळीने बसतात, एकीचं तोंड इकडे तर शेजारणीचं तिकडे. नववी उभी असते, ती धावते. तिला पाटी ओलांडता येत नाही, एकदा दिशा धरली की मागे वळता येत नाही. पळणाऱ्या तिघींना मात्र सगळं मैदान मोकळं. म्हणजे मागे लागणारीचे पाय नियमांनी बांधलेले आणि पळणारी मोकळी! ही असमानता भरून काढायची एकच वाट आहे, ती म्हणजे पाठीमागून हात लावून ‘खो’ म्हणायचं आणि आपली धाव दुसरीच्या स्वाधीन करायची.

बसलेल्या मुलीकडे जवळून पाहिलं की खेळ कळतो. ती खरं तर बसलेली नसतेच. टाचा उचललेल्या, वजन पंजावर, हाताची बोटं जमिनीला टेकलेली, मान सरळ, कान मात्र मागे. खो आधी उठून घेतला तर फाऊल, उशिरा उठली तर गडी निसटला. समोरून पळणारी एकेरी साखळी करत चौकांमधून नागमोडी वळत येते, कधी दुहेरी साखळी धरते, कधी खांबापाशी गोलात अडकवून दमवते. खो मिळालेली झेपावते, पळणारी हुलकावणी देऊन तिच्या पाठीमागून निघते, पण तेवढ्यात तिसऱ्या चौकातली उठलेली असते. सगळा हिशेब डोळे मिटून उघडेपर्यंतचा.

आणि मग खांबावरचा सूर. धावत येणारी मुलगी एका हाताने खांब धरते, सगळं शरीर जमिनीला समांतर फेकते आणि मोकळ्या हाताच्या बोटांनी पलीकडे पळणाऱ्या गड्याची पाठ टिपते. खांब सुटला तर थेट मातीत तोंड. मॅट येण्याआधीच्या पिढ्या हे मातीवर करत होत्या आणि त्यांच्या कोपर-गुडघ्यांवरचे व्रण कधी गेलेच नाहीत.

इथे आयर्लंडची गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते, कारण ती आपल्या गोष्टीला आरसा दाखवते. तिथेही इंग्रजी खेळांसमोर देशी खेळ जपण्यासाठी माणसं एकत्र आली. १८८४ मध्ये टिपेररी परगण्यातल्या थर्ल्स गावच्या हेज हॉटेलात गेलिक खेळांची संघटना स्थापन झाली. गेलिक फुटबॉल हा तिचा मोठा आधार. चेंडू हातानेही खेळायचा, पायानेही, गोल झाला तर तीन गुण आणि आडव्या दांडीवरून मारला तर त्याहून कमी. पुरुषांची अखिल आयर्लंड स्पर्धा १८८७ पासून सुरू झाली. महिलांची संघटना मात्र १९७४ च्या जुलैमध्ये, त्याच हेज हॉटेलात जन्माला आली, म्हणजे तब्बल नव्वद वर्षांनी. ऑफली, केरी, टिपेररी आणि गॅलवे या चार परगण्यांची माणसं त्या बैठकीला होती. त्याच वर्षी पहिली अंतिम लढत ड्युरो या छोट्या गावात झाली आणि टिपेररीने ऑफलीला एका गुणाने हरवलं. पुढे केरीच्या महिलांनी १९८२ ते १९९० अशी सलग नऊ वर्षं चषक आपल्याकडे ठेवला. १९८६ मध्ये महिलांची अंतिम लढत डब्लिनच्या क्रोक पार्क या मुख्य मैदानावर गेली. २०१९ च्या अंतिम फेरीला ५६,११४ प्रेक्षक हजर होते.

ड्युरोची पहिली लढत झाली त्या १९७४ च्या अर्जुन पुरस्कारांत इकडे नीलिमा सारोळकर यांचं नाव होतं आणि कोल्हापूरची पहिली महिला स्पर्धा होऊन चौदा वर्षं लोटली होती. मुलींना मैदान मोकळं करण्यात आपण आयर्लंडच्या पुढे होतो. मग मागे कुठे पडलो? मागे पडलो ते प्रेक्षकांत. आयरिश माणसाने आपल्या परगण्याचा रंग अंगावर चढवून मुलींचे सामने पाहिले. २००१ पासून तिथल्या आयरिश भाषेच्या टीजी-फोर वाहिनीने ही स्पर्धा घराघरांत नेली. आपल्याकडे राष्ट्रीय स्पर्धेचा निकाल वर्षानुवर्षं क्रीडा पानाच्या तळाशी दोन ओळींत संपत आला. तिथेही सगळं सुरळीत नाही. २०२३ मध्ये परगण्यांच्या महिला संघांनी प्रवासखर्च, वैद्यकीय सोयी यांसाठी एकत्र येऊन निषेध नोंदवला होता. पण त्यांचा आवाज पोचला, कारण त्यांना ओळखणारं गाव पाठीशी होतं.

खो-खो १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांत प्रात्यक्षिक म्हणून दाखवला गेला. १९९६ मध्ये कोलकात्याला पहिली आशियाई अजिंक्यपद स्पर्धा झाली. या पायऱ्या महत्त्वाच्या होत्या, पण त्यांनी खेळाडूच्या घरातली चूल बदलली नाही.

ते कळायचं असेल तर सारिका काळेकडे पाहावं. उस्मानाबादची, म्हणजे आजच्या धाराशिवची ही मुलगी. घरची परिस्थिती अशी, की कित्येक वर्षं दिवसातून एकदाच पोटभर जेवण मिळायचं, हे तिने स्वतः मुलाखतींत सांगितलं आहे. शिबिराला गेली की तिथे दोन वेळचं मिळायचं. ती खेळत राहिली. २०१६ मध्ये गुवाहाटीला झालेल्या दक्षिण आशियाई खेळांत तिच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघाने सुवर्णपदक मिळवलं. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार जाहीर झाला. १९९८ मध्ये शोभा नारायण यांना मिळाल्यानंतर बावीस वर्षं हा पुरस्कार खो-खोकडे फिरकलाच नव्हता! दोन पिढ्यांच्या खेळाडू या रिकाम्या काळात आल्या, खेळल्या, निवृत्त झाल्या. त्यांच्यात अर्जुनच्या तोडीचं कुणी नव्हतं असं म्हणणं पटत नाही.

दिल्लीची नसरीन शेख हे दुसरं उदाहरण. वडील रस्त्यावर भांडी विकायचे. २०१९ मध्ये नेपाळात झालेल्या दक्षिण आशियाई खेळांत ती भारताची कर्णधार होती, संघाने सुवर्ण जिंकलं. २०२३ च्या अर्जुन पुरस्कारांत तिचं नाव आलं.

या सगळ्या काळात महाराष्ट्राच्या महिलांनी राष्ट्रीय स्पर्धेवर पकड ठेवली ती योगायोगाने नव्हे. धाराशिव, पुणे, ठाणे, सांगली, सोलापूर अशा जिल्ह्यांत शाळेतल्या गुरुजींपासून क्लबच्या प्रशिक्षकापर्यंत एक साखळी उभी आहे. राज्याच्या नोकरभरतीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, त्यामुळे मुलीचा खेळ चालू ठेवायला आईवडिलांना एक व्यवहारी कारण मिळतं. २०२१ च्या डिसेंबरात जबलपूरला राष्ट्रीय स्पर्धा झाली, तिथे महाराष्ट्राच्या महिलांनी विमानतळ प्राधिकरणाच्या बलाढ्य संघाला हरवलं. पुढच्या वर्षी उस्मानाबादलाच स्पर्धा भरली आणि महाराष्ट्राने पुरुष व महिला अशी दोन्ही विजेतेपदं घेतली. २०२५ च्या पुरीच्या स्पर्धेतही तेच घडलं.

जबलपूरच्या त्या संघातली प्रियंका इंगळे मूळची बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातली, वाढली आणि घडली ती पुणे परिसरात. किशोरी गटात इला, मोठ्या गटात राणी लक्ष्मीबाई, अशी तिची चढण. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममध्ये पहिला खो-खो विश्वचषक झाला, तेव्हा भारतीय महिलांची कर्णधार तीच होती.

त्या आठवड्याचे आकडे आज वाचतानाही भान हरपतं. १४ जानेवारीला भारताने दक्षिण कोरियाला १७५-१८ असं हरवलं. इराणवर १००-१६, मलेशियावर १००-२०. उपउपांत्य फेरीत बांगलादेश १०९-१६, उपांत्य फेरीत दक्षिण आफ्रिका ६६-१६. १९ जानेवारीच्या अंतिम सामन्यात नेपाळने झुंज दिली, तरी निकाल ७८-४० असा भारताच्या बाजूने लागला. महिलांच्या गटात १९ देशांचे संघ होते. त्यातल्या अनेक संघांनी खेळ नुकताच शिकायला घेतला होता, त्यामुळे पहिल्या सामन्यांतली एवढी तफावत समजण्यासारखी आहे. विश्वचषकाची खरी कसोटी पुढच्या आवृत्त्यांत लागेल, आणि नेपाळचे ४० गुण सांगतात की ती फार लांब नाही.

खेळाचं रूपही या स्पर्धेत वेगळं होतं. मॅट, दिव्यांचा झगमगाट, सात मिनिटांच्या चार पाळ्या, गडी टिपला की दोन गुण. पळणारी तुकडी तीन मिनिटांपेक्षा जास्त टिकली की ‘ड्रीम रन’चा गुण वेगळा. जुन्या जाणत्यांना नऊ मिनिटांची पाळी आणि मातीचा वास आठवत असेल, पण घरी बसून बघणाऱ्याला हा खेळ समजायला सोपा झाला हे खरं.

विजयानंतर महाराष्ट्र सरकारने आपल्या राज्याच्या विश्वविजेत्या खेळाडूंना प्रत्येकी सव्वादोन कोटी रुपये जाहीर केले. कर्नाटकात मात्र म्हैसूर जिल्ह्यातली चैत्रा बी. आणि पुरुष संघातला एम. के. गौतम यांना पाच लाख रुपये देऊ करण्यात आले. दोघांनी ते नम्रपणे नाकारले. एकाच संघात, एकाच मॅटवर, एकच चषक उचलणाऱ्या मुलींची किंमत राज्याच्या हद्दीवर एवढी बदलते, हे कुणालाही पटू नये. चैत्राने जे केलं त्याला धैर्य लागतं.

आणखी एक दरी आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या बालेवाडीत ‘अल्टिमेट खो-खो’ ही व्यावसायिक लीग सुरू झाली. संघमालक आले, खेळाडूंचा ड्राफ्ट झाला, सामने थेट प्रक्षेपित झाले. खो-खोपटूला खेळाच्या बळावर मानधन मिळू लागलं ही मोठी गोष्ट होती. पण पहिले दोन्ही हंगाम फक्त पुरुषांचे. १९६० मध्ये महिलांना मैदानात आणायला एक वर्ष पुरलं होतं. साठ वर्षांनंतर पैसा आला तेव्हा त्यांना पुन्हा रांगेत उभं राहायला सांगणं हा सरळ अन्याय आहे. महिलांची लीग सुरू करायला खेळाडू कमी नाहीत, हे दिल्लीच्या विश्वचषकाने दाखवून दिलं आहे.

आता पुन्हा उज्जैन. शिंद्यांच्या काळापासून इथे मराठी घरं आहेत, शाळा आहेत, मंडळं आहेत, व्यायामाची जुनी गोडी आहे. फ्रीगंजच्या जवळ दसरा मैदान आहे, मुलींचं सरकारी महाविद्यालय आहे. मल्लखांबाने या शहरात दाखवून दिलं, की एक चिकाटीचा प्रशिक्षक आणि नियमित सराव असेल तर देशी खेळ तग धरतात आणि राष्ट्रीय पातळीवर पोचतात. खो-खोला तर मल्लखांबापेक्षाही कमी साहित्य लागतं. कोणत्याही शाळेने पाचवी-सहावीच्या मुलींपासून सुरुवात केली तर किशोरी गटाचा संघ तीन-चार वर्षांत उभा राहू शकतो. गणेशोत्सवात मंडळं गाण्यांच्या, रांगोळीच्या स्पर्धा ठेवतात, त्यात एक दिवस मुलींच्या खो-खोचे सामने ठेवायला काय हरकत आहे? आणि सामने ठेवले तर खुर्च्या भरायला आपणच गेलं पाहिजे, आपल्या सुना-मुलींना घेऊन, आपल्या शाळेच्या नावाने ओरडत.

सुषमा सारोळकर यांच्या १९८१ च्या पुरस्कारानंतर खो-खोचे अर्जुन महाराष्ट्राला मिळाले, कर्नाटकाला मिळाले, दिल्लीच्या नसरीनला मिळाला. त्यांत मध्य प्रदेशचं नाव पुन्हा आलेलं नाही.